मोत्याचे पांढरे केस

ज्वराने अंथरुणास खिळलो असता, उशाशी बसून राहिलेल्या आमच्या काळ्याभोर मोत्याच्या मुखाकडे निवांतपणे पाहण्याचा योग आला, आणि हनुवटीपासून निघालेली शुभ्रता नाकाच्या दोन्ही अंगांनी भुवयांपर्यंत पोहोचली आहे, असे दिसले. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी वयोमानाने जुन्या कारकुनांसारख्या एकेक करून सेवेतून मुक्त होतात आणि कुत्र्यांत त्याचा आरंभ बहुधा तोंडापासूनच होतो, एवढे शास्त्र मला ठाऊक होते. परंतु 2016 साली प्राणिवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन प्रभृतींनी एक ते चार वर्षांच्या 400 कुत्र्यांची पाहणी करून अकाली पांढरेपणाचा चिंतेशी संबंध दर्शविला होता, हे आठवले आणि मन उगाच जुनी दप्तरे चाळू लागले: दिवाळीतले फटाके, घर बदलले तेव्हाची त्याची येरझार, आई गेल्यानंतर तिच्या खोलीच्या दाराशी त्याने काढलेल्या रात्री. पण मोत्या आता वृद्धच. त्याच्या पांढऱ्या केसांना चिंतेचा दाखला कशाला हवा? त्याच्या डोळ्यांतली निळसर झाक मोतीबिंदूची नव्हे, नेत्रभिंग वयाबरोबर घट्ट होत गेल्याची आहे, असा पशुवैद्यांचा निर्वाळा आहे. तिच्यातून मी त्याला कसा दिसत असेन, कोण जाणे. ज्वर उतरल्यावर त्याला जिन्यावरून उचलून न्यावे, की थांबत थांबत उतरण्याचा त्याचा मान राखावा, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.