थ्री प्लस

स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासायला आला की कर्करोग आहे की नाही एवढं सांगून आम्हा पॅथॉलॉजिस्टचं काम आता संपत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हर-टू किती?

हर-टू हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्याच शरीरात असतं. पेशीच्या आवरणात ते रुतून बसतं आणि शेजारच्या भाऊबंद प्रथिनाशी त्याची जोडी जमली की आत वाढीचा निरोप जातो. त्याचा जीन सतराव्या गुणसूत्रावर आहे. स्तनाच्या शंभरातल्या साधारण पंधरा ते वीस कर्करोगांत या जीनच्या प्रती भरमसाट वाढतात, पेशीवर प्रथिनाची दाटी होते आणि निरोप थांबतच नाही.

१९८७ साली कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा स्त्रियांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे हर-टू ही तेव्हा वाईट खूण होती. १९९८मध्ये अमेरिकेत हर-टूवरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली, सोबत हर-टू मोजणाऱ्या चाचणीलाही, आणि तीच खूण उपचाराची वाट झाली. कर्करोगाच्या इतिहासात मला याहून मोठा पालट आठवत नाही. २०१४मध्ये भारतात बनलेलं त्याचं प्रतिरूप औषध (बायोसिमिलर) बाजारात आलं, किंमत उतरली, तरी कित्येक घरांना ती अजून जडच आहे.

चाचणीत हर-टू तपकिरी रंगतं, आणि त्या रंगाला शून्य ते थ्री प्लस अशी पायरी देतात. थ्री प्लस असेल तर शंका उरत नाही : पेशींची कड सगळीकडून गडद, पेशीला पेशी लागून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पसरावी तशी. टू प्लसला कड पूर्ण असते, पण फिकी. मग फिश नावाची चाचणी करून जीनच्या प्रती मोजायच्या. इथे हात सैल सोडून चालत नाही. हेच प्रथिन हृदयाच्या स्नायूंतही आहे, म्हणून औषध चालू असताना वरचेवर इको करावा लागतो. गरज नसलेल्या बाईच्या हृदयावर हा भार का टाकायचा?

२०२२पासून काम आणखी नाजूक झालं. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे नवं औषध प्रतिपिंडाला केमोथेरपीचं औषध जोडून पेशीपर्यंत नेतं, आणि पसरलेल्या आजारात वन प्लसवाल्यांनाही त्याचा उपयोग दिसला. शून्य आणि वन प्लस यांतला फरक म्हणजे काही पेशींच्या कडेवरची पुसट, तुटक रेघ. चाचणी मुळात हा फरक ओळखायला बनलीच नव्हती.

ती पुसट रेघ सगळ्यांत आधी जाते ती ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी, तीही कापून, नाहीतर मधल्या भागापर्यंत फॉर्मॅलिन पोचायला वेळ लागतो. तिथे ती किमान सहा तास राहावी, बहात्तरपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावाहून अख्खा स्तन सलाइनच्या बाटलीत, रात्रभर एसटीने प्रवास करून आलेला मी पाहिला आहे. त्या ऊतीवर शून्य आलं तर ते गाठीचं की प्रवासाचं, हे जगातलं कुठलंही यंत्र सांगणार नाही. सर्जन मंडळींकडे माझं मागणं साधं आहे : गाठ किती वाजता निघाली आणि फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकली, या दोन वेळा फॉर्मवर लिहा. तपासणीचे पैसे देताना रुग्णाच्या नातेवाइकांनीही या वेळा लिहिल्या का, ते विचारावं.