माहुलीच्या रानात सांबराचा माग

कल्याणला कसाऱ्याची लोकल धरावी. शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे पडते. खडवलीपासून इमारती विरळ होतात आणि भातखाचरे दिसू लागतात. वासिंद सोडले की खिडकीतून माहुलीचा डोंगर आणि त्याचे उभे सुळके दिसतात. आसनगावला उतरून रिक्षाने पाच-सहा किलोमीटर गेले की पायथ्याचे माहुली गाव. इथून पुढे तानसा अभयारण्याची हद्द लागते. वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहून, प्रवेशाचे पैसे भरूनच वर जाता येते.

गड पाहायला माणसे पुष्कळ येतात. आम्ही गेलो होतो ते सांबराचे रान पाहायला, आणि त्यालाही एक निमित्त होते.

अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात, माँटाना, वायोमिंग, कोलोरॅडो या राज्यांत, पावसाळी नव्हे तर शरदाच्या दिवसांत लोक घोड्यांवर बसून एल्क नावाच्या जनावराच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा चुलतभाऊच म्हणा. नर तीनशे किलोच्या वर भरतो, दर वर्षी शिंगे टाकतो आणि नवी उगवतो. माजावर आला की शीळ घातल्यासारखा लांबलचक ओरडतो. शिकारी तोच आवाज काढून त्याला जवळ बोलावतात. मोटाररस्ता सुटल्यावर एक-दोन दिवसांची वाट असते. त्यामुळे बसायचा घोडा वेगळा आणि तंबू, दाणा, भांडी वाहणारा घोडा वेगळा. खरी कसोटी शिकारीनंतर लागते. एवढे धूड उचलणार कोण? जागेवरच त्याचे तुकडे करतात, दोन्ही बाजूंना सारखे वजन बांधतात आणि घोडे परत फिरवतात. एका एल्कला दोन घोडे तरी लागतात. वजन एकीकडे कलले तर उतारावर घोड्याची पाठ सोलवटते. आपल्याकडे बैलाच्या पाठीवर गोणी लादणाऱ्यांना ही गोष्ट सांगायला नको. मांस रात्री मुक्कामापासून दूर, उंच झाडाला टांगतात, कारण वासाने अस्वले येतात.

हे वाचल्यापासून मनात होते, की आपल्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांत अशी घोड्यावरची शिकार होत असेल का? आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेले ठाकूर बाबा सत्तरीच्या आसपासचे. पोरवयात हाक्याला गेलेले. त्यांना विचारले तर हसले.

"घोडं पाड्यापर्यंत यायचं, दादा. वर कशाला नेतील? ह्या कारवीत घोड्याचा पाय अडकला की मोडलाच. शिकारी माचाणावर बसायचा, आणि रान उठवायचो आम्ही."

आणि ते खरे आहे. माहुलीची चढण सुरू झाली की लगेच कळते. सुटे दगड, बांबूची बेटे, माथ्याजवळ कारवीची दाटी आणि शेवटी लोखंडी शिडी. तिकडचा डोंगर उघडा, गवताळ, लांबपर्यंत नजर जाणारा. तिथे घोडा हवाच. इथे दहा हातांवर उभे असलेले जनावर दिसत नाही. म्हणून हाका. एका बाजूने माणसे डबे आणि ढोल वाजवत चालायची आणि जनावर ठरलेल्या खिंडीत माचाणासमोर निघायचे. हाकेकऱ्याला मजुरी आणि मांसाचा वाटा. बंदुकीचा मान दुसऱ्याचा आणि रानडुकराचा दात लागला तर तो मात्र हाकेकऱ्याला, हे बाबांनी न सांगताही समजले. त्यांच्या पोटरीवर जुना व्रण आहे.

सांबर उन्हाचे बाहेर पडत नाही. संध्याकाळी पाणवठ्यावर येते, चिखलात लोळते, रात्रभर पाला खाते. धोका दिसला की खुर आपटून "पोंक्" असा मोठा आवाज काढते. तो ऐकला की बिबट्या जवळपास आहे असे समजावे. बाबा म्हणाले, पूर्वी पाड्यावर झोपल्या झोपल्या तो आवाज ऐकू यायचा. अलीकडे कधी ऐकलात, असे विचारल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

शिकारीला बंधन आधीही होते. मुंबई राज्यात १९५१ सालच्या कायद्याने परवाना लागत असे. तानसाचे अभयारण्य १९७० साली झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपले. मग शेतकरी विचारतो, आणि त्याचे विचारणे वावगे नाही, की अमेरिकेत चालते ते आमच्याकडे का नाही? नाचणी तर आमची खाल्ली जाते.

तिथेही एकेकाळी बेसुमार मारल्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क लाखाच्याही खाली आले होते. मग परवाने आले आणि मोजदाद करून दर वर्षी किती मारायचे ते ठरू लागले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर रानाच्या राखणीसाठी राज्यांना मिळू लागला. आज तिकडे सुमारे दहा लाख एल्क आहेत. मोजून शिल्लक दिसते, म्हणून त्यातले काही मारता येतात. आपल्याकडे खाते कधी मांडलेच नाही. संस्थानिकांनी, साहेबांनी, हौशी शहरवाल्यांनी आणि आपणही, मुद्दलच खाल्ले. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. मुंबईच्या पाण्यासाठी भोवतालचे रान राखले गेले, म्हणून निदान झाडे तरी उरली.

सांबर-भेकर कमी झाले की बिबट्या काय खाणार? गोठ्यातले वासरू, वाड्यातली शेळी, नाहीतर कुत्री. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर तो कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत शिरला होता. शहरवाल्यांना नवल वाटले. शहापूर-मुरबाडच्या बायाबापड्यांना वाटले नसावे.

गडाबद्दल थोडे. १६३६ साली शहाजीराजे जिजाबाई आणि बाल शिवाजीसह इथे आश्रयाला होते. वेढा पडला आणि गड सोडावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला. वर महादरवाजाजवळ पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, भंडारगडाच्या अंगाला कल्याण दरवाजा आहे. तिथून खाली पाहिले की सगळे रान एका नजरेत येते.

उतरताना बाबांनी एका झाडाची साल दाखवली. छातीइतक्या उंचीवर घासून निघालेली. सांबर शिंगे घासते तेव्हा अशी खूण होते. ओली होती का? नव्हती, पण फार जुनीही वाटली नाही. आम्ही बराच वेळ तिथे उभे होतो.

वाटेत गळलेले शिंग दिसलेच तर उचलू नये. सांबरशिंग सहाणेवर उगाळून लेप देण्याची रीत घरोघर होती, पण आता ते बाळगणे, विकणे गुन्हा आहे. रानडुकराने पीक खाल्ले तर कुंपणात वीज सोडू नये. त्या तारेने पहाटे पाण्याला निघालेला शेजारीही मरतो. तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपालाकडे अर्ज द्यावा, सातबारा जोडावा आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे. जायचे तर हिवाळ्यात जावे, पाणी खालूनच न्यावे, आणि गावातला माणूस बरोबर घ्यावा. चढायला तीन तास लागतात. अंधाराच्या आत खाली यावे. ती वेळ त्यांची.