पन्नास पैशांचं खोटं

परवा आईच्या कपाटात माझं जुनं पोस्टकार्ड सापडलं. सहावीतलं, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून धाडलेलं. दहा दिवसांचं मुलांचं शिबिर. साडेपाचला शिट्टी, गार पाण्यानं आंघोळ, सूर्यनमस्कार, मग पोहे. ताट ज्याचं त्यानं राखेनं घासायचं. दुपारी लाठी, संध्याकाळी खो-खो, रात्री शेकोटी. आणि शेकोटी विझली की पांघरुणात तोंड खुपसून रडणं!

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कार्डं वाटली. मी लिहिलं, "मजेत आहे. काळजी नसावी."

"अक्षरावरूनच कळलं होतं," आई हसत म्हणाली. "बाबा तर न्यायला निघालेच होते. मीच थांबवलं."

आठव्या दिवशी आम्ही चोर दरवाजानं पद्मावती माचीवर चढलो होतो. त्या रात्री मी रडलो नव्हतो. आईनं थांबवलं नसतं, तर ती रात्र आलीच नसती.

हल्ली फोनवर "मजेत आहे" म्हटलं की आई क्षणभर गप्प होते. आता कळलं का ते.