लोहाराची वाट

स्मरणिकेसाठी लेख मागणारे संपादक मंडळाचे पत्र हाती आले, तेव्हा पहाटेची वंदना, भोजनगृहातील गरम भाकरी, परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात जळणारे दिवे अशा कितीतरी आठवणी दाटून आल्या. परंतु त्या माझे सहाध्यायी माझ्याहून चांगल्या लिहितील. मला लिहावयाचे आहे ते मुंबईतील बौद्ध स्थळांच्या दोन दिवसांच्या एका यात्रेविषयी. आपल्या विद्यालयाच्या फाटकापासून प्रार्थना सभागृहापर्यंत जाणाऱ्या वाटेचा अर्थ मला त्या यात्रेत उमगला, म्हणून ती हकीकत येथे सांगणे उचित वाटते.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. १९७२च्या दुष्काळानंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यातून थेरगावला आले आणि चिंचवडच्या बाजूला एका कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये कामाला लागले. लाल तापलेले लोखंड सांडशीत धरून हॅमरखाली सरकवायचे, हे त्यांचे काम. त्या दणक्यांनी त्यांचे कान पन्नाशीच्या आधीच मंद झाले. डांगे चौकाच्या आतल्या बाजूला आमची दहा बाय दहाची पत्र्याची खोली होती. तीन पाळ्यांच्या जाण्यायेण्यात अभ्यास होईना, म्हणून घर जवळ असूनही मला पाचवीत निवासी विद्यालयात घातले गेले.

दादा वर्षातून दोन ठिकाणी आम्हाला आवर्जून नेत. एक देहूरोड. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. ही तारीख दादांना तोंडपाठ होती. दुसरे ठिकाण म्हणजे ६ डिसेंबरची चैत्यभूमी. दादरला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, स्तूपासमोर माथा टेकवायचा, शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून एक पुस्तक घ्यायचे आणि परतीची गाडी पकडायची. दादांना वाचता येत नव्हते. तरी पुस्तक घेतल्याशिवाय ते कधी परतले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी दादा गेले. पुढच्या हिवाळ्यात आई एकदा म्हणाली, “इतकी वर्षं मुंबईला गेलो, पण दादरच्या पुढं कधी काही पाहिलं नाही. मला एकदा गर्दी नसताना घेऊन चल.” मग जानेवारीत आम्ही दोघे चिंचवडहून सकाळच्या सिंहगड एक्सप्रेसने निघालो. मळवली आली तेव्हा एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले, दोन्हीकडचे डोंगर मी आईला दाखवले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराच्या दानाचा उल्लेख तेथल्या लेखांत आहे, देणारा गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता आणि दार घडवणाऱ्या सुताराचेही नाव तेथे कोरलेले आहे, हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे राजाच बांधतो असं नाही.”

चैत्यभूमीवर त्या दिवशी मोजकी माणसे होती. समुद्राचा आवाज ऐकू येत होता. ६ डिसेंबरला तो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. पुढे भय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने येथे स्मारक उभे राहिले आणि १९७१ साली ते खुले झाले. सांचीच्या तोरणाच्या धर्तीवरचे प्रवेशद्वार आणि वर लहानसा घुमट; एवढ्या मोठ्या जनसागराचे हे केंद्र प्रत्यक्षात किती आटोपशीर आहे, हेही गर्दी नसतानाच ध्यानात आले.

परळवरून जाताना मी आईला धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगितली. गोव्यातील हा ब्राह्मण तरुण बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, सिलोनमध्ये जाऊन भिक्षू झाला आणि १९३७ साली त्याने परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात हा विहार का बांधला असावा, हा प्रश्न आईला पडला नाही. ती म्हणाली, “जिथं माणसं दमून येतात, तिथंच हवा.”

सायंकाळी आम्ही वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात गेलो. निप्पोन्झान म्योहोजी हा पंथ स्थापन करणारे निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले आणि १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या परंपरेतील हे मंदिर अॅनी बेझंट मार्गाच्या वाहतुकीला लागूनच आहे. आत जप सुरू झाला. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारे जपानी शब्द आणि प्रत्येक आवर्तनासोबत ढोलाचा ठोका. तो ठोका कानाबरोबर छातीतही घुमत होता. आई डोळे मिटून बसली होती. बाहेर आल्यावर एवढेच बोलली, “हे त्यांना ऐकू आलं असतं.”

दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून बसने आम्ही कान्हेरीला पोचलो. एकाच डोंगरात शंभरहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तेथे भिक्षुसंघाचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत वीस फुटांहून उंच अशा दोन बुद्धमूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. हे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांनी करविले. पण त्या भव्यतेपेक्षा आई जास्त वेळ रमली ती पाण्याच्या पोढ्यांपाशी. पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळींतून खाली आणायचे, पोढीत साठवायचे आणि त्यावर उन्हाळा काढायचा, ही व्यवस्था तिला लगेच कळली. दुष्काळातून आलेल्या बाईला ती समजावून सांगावी लागत नाही.

येथल्या लेखांमधील दानांची यादी मी वहीत उतरवून नेली होती. ती वाचून दाखवू लागलो. कल्याणच्या सोनाराने दिलेली पोढी. व्यापाऱ्यांनी दिलेली लेणी. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने दिलेली वाट.

“वाट?” आईने विचारले.

“हो. लेणं नाही, मूर्ती नाही. डोंगरावरची नुसती वाट.”

“कोणती?”

मी उत्तर देण्याआधीच ती खाली पाहून म्हणाली, “चालतोय तीच म्हण.” मग ती एका कोरीव बाकावर बसली. आम्हा दोघांनाही एकाच वाटेची आठवण झाली होती.

१९८८चा पावसाळा. मी सातवीत होतो. आपले प्रार्थना सभागृह नुकतेच बांधून झाले होते. मोठ्या देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर लागली होती. दादांकडे द्यायला पैसे नव्हते. फाटकापासून सभागृहापर्यंत घोटाभर चिखल होता. औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणून सलग चार गुरुवार दादा पाटी-फावडे घेऊन आले आणि त्यांनी तेथे मुरूम टाकून दगडी फरशी बसवली. गुरुवारी आमची शाळा भरलेली असे. वर्गाच्या खिडकीतून सारी मुले पाहत. नव्याने आलेल्या एका मुलाने मला विचारले, “हे कोण रे?” मी म्हणालो, “गवंडी आहे.” त्याच वेळी दादा खिडकीखालून घमेले घेऊन जात होते. त्यांचे कान मंद, म्हणून त्यांनी ऐकले नसावे, अशी मी पुढे आयुष्यभर स्वतःची समजूत घातली.

कान्हेरीच्या त्या बाकावर मी हे आईला प्रथमच सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “त्यांनी ऐकलं होतं. घरी येऊन मला सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरगं शाळेत रुळलं. दोस्तांपुढं आपला मान राहावा असं वाटायला लागलंय त्याला. आता पळून घरी यायचं नाही.” थोडे थांबून ती म्हणाली, “आणि पुढच्या गुरुवारी परत गेले. वाट अर्धी राहिली होती ना.”

मला काही बोलता आले नाही. विहारात, लेण्यात, स्तूपाशी आपण वाकतो तेव्हा ती जागा कोणाच्या श्रमाने उभी राहिली, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते. दानपारमितेवर मी अनेक प्रवचने ऐकली, एक-दोन भाषणेही केली. पण दान देणाऱ्याने आपल्या मुलाची लाजसुद्धा पदरात घेऊन उरलेले काम पुरे करावे, हे मला कोणत्याही प्रवचनात भेटले नव्हते. नंदाचे नाव कोरले गेले म्हणून आपल्याला कळले. पण त्याच्यासोबत दगड वाहणाऱ्यांचीही ती वाट होतीच.

परतीच्या गाडीत कल्याण स्टेशन आले, तेव्हा आई खिडकीशी सरकली आणि फलाटावरच्या गर्दीकडे बराच वेळ पाहत राहिली. कोणाला शोधतेस, असे मी विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात विद्यालयात आलो होतो. त्या वाटेवर आता सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. कडेला मात्र जुन्या फरशीचे चार-पाच दगड अजून दिसतात. सहावी-सातवीतला एक विद्यार्थी मला सभागृहाकडे घेऊन जात होता. मी त्या दगडांपाशी थांबलो, तेव्हा त्याने विचारले, “सर, हे कोणी बसवले?”

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणालो. “ते फोर्ज शॉपमध्ये कामगार होते.”

जय भीम. नमो बुद्धाय.