कर्ता कुठे गेला?

मराठीच्या अध्यापकांनी इंग्रजीतील तांत्रिक लेखनाविषयी लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेली काही वर्षे हा विषय आमच्या वाट्याला आला आहे आणि आता तो आम्हांला परका वाटत नाही. आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला येणारी बरीच मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. प्रकल्पाचा अहवाल मात्र इंग्रजीत लिहायचा असतो. विषय त्यांना कळलेला असतो, प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला असतो, विचारले तर मराठीत ती नीट सांगतातही. तोच मजकूर इंग्रजीत उतरला की वाक्ये लांबतात, क्रियापदांची नामे होतात आणि काम करणारा माणूस नाहीसा होतो. ‘आम्ही द्रावण तापवले’ असे बोलताना सांगणारी मुलगी कागदावर ‘द्रावणाच्या तापनाची प्रक्रिया पार पाडण्यात आली’ अशा थाटाचे इंग्रजी लिहिते. त्यात व्याकरणाची चूक नसते, म्हणून लाल शाईची खूणही पडत नाही. मग ही मुले आमच्याकडे येतात. व्याकरणाविषयीचे प्रश्न आम्हांला मराठीतून विचारता येतात, हे त्याचे साधे कारण. प्रश्न एकच असतो: यात चूक नाही, तरी हे कळत का नाही?

या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे. गंभीर विषय गंभीर भाषेत मांडावा लागतो आणि इंग्रजीत गंभीर म्हणजे अवजड, अशी ती समजूत. इंग्रजीचा स्वतःचा इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

इंग्रजीतील अगदी सुरुवातीच्या तांत्रिक पुस्तकांपैकी एक आहे ‘अ ट्रीटिझ ऑन द ॲस्ट्रोलेब’. आकाशस्थ गोलांची उंची मोजण्याचे एक उपकरण कसे वापरावे, हे सांगणारी ही पुस्तिका. तिचा लेखक म्हणजे ‘कँटरबरी टेल्स’चा कवी जेफ्री चॉसर, आणि काळ १३९१च्या आसपासचा. त्याने ती लिहिली लुइस या दहा वर्षांच्या मुलासाठी. मुलाला लॅटिन बेताचेच येते, म्हणून आपण इंग्रजीत लिहीत आहोत, असे तो प्रस्तावनेत सांगतो. पुनरुक्तीबद्दल जाणत्या वाचकांची क्षमाही मागतो. कारण मुलाने एखादी गोष्ट विसरण्यापेक्षा ती दोनदा सांगितलेली बरी, असे त्याला वाटते. त्याच शतकाच्या आधीच्या शतकात आपल्याकडे महानुभावांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठीत लिहिले, त्याची इथे आठवण होते. दोन्हीकडे हेतू निरनिराळे होते, पण लिहिण्यापूर्वी वाचणारा कोण हे ठरवलेले होते. चॉसरची पुस्तिका अपुरी राहिली. योजलेल्या पाच भागांपैकी पहिले दोनच आज आपल्यापुढे आहेत. तरीही तांत्रिक लेखनाचे पहिले सूत्र तिच्यात आहेच: वाचकाला काय येते आणि काय येत नाही, हे ओळखून वाक्य रचावे.

पुढे १६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली. तिचा इतिहास लिहिणाऱ्या टॉमस स्प्रॅटने १६६७ साली भाषेसंबंधी जो आग्रह मांडला तो प्रसिद्धच आहे. फुगीर शब्दकळा टाळावी, जितक्या गोष्टी तितकेच शब्द योजावेत आणि पंडितांच्या भाषेपेक्षा कारागीर, खेडूत व व्यापारी यांची भाषा जवळ करावी, असा त्याचा सारांश. हा आग्रह स्प्रॅटने बऱ्यापैकी अलंकृत गद्यात मांडला, हा त्यातला गमतीचा भाग. पण आग्रह खरा होता. रॉबर्ट बॉइलसारखा प्रयोगकर्ता त्या काळी ‘मी असे केले, मला असे दिसले’ अशाच रीतीने लिहीत होता. विज्ञानातून ‘मी’ बाहेर गेला तो नंतर. पुढे निष्कर्ष प्रयोगकर्त्यावर अवलंबून नाहीत हे दाखवण्यासाठी कर्ता दडवण्याची रीत पडली आणि रीतीचा नियम झाला. तो नियम सगळ्यांनी पाळला असेही नाही. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध ‘आम्ही’ या अर्थाच्या शब्दानेच सुरू होतो.

इथे मुलांना सर्वांत जास्त घोळात टाकणारी गोष्ट येते, ती म्हणजे ‘पॅसिव्ह व्हॉइस’. शाळेत त्यांना सांगितलेले असते की पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. हे समीकरण अर्धवट आहे. ‘मुलीने द्रावण तापवले’ हा चोख कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण मुलगी तृतीयेचा प्रत्यय लावून वाक्यात हजरच असते. इंग्रजी पॅसिव्हशी खरे साम्य आहे ते ‘द्रावण तापवले गेले’ किंवा ‘तापवण्यात आले’ या रचनांचे. तिथे मुलीला जागा उरत नाही. आणायचीच तर ‘कडून’ लावून मागच्या दाराने आणावी लागते. आपल्या व्याकरणांनी या धाटणीला ‘नवीन कर्मणी’ असे नाव देऊन इंग्रजीशी तिचे नाते नोंदवले आहे. म्हणजे मराठीची जुनी कर्मणी कर्त्याला झाकत नाही. ही गोष्ट समजली की मुलांच्या लक्षात येते की प्रश्न प्रयोगाचा नसून कर्त्याला वाक्यात जागा आहे की नाही, याचा आहे.

म्हणून ‘पॅसिव्ह टाळा’ हा सरधोपट उपदेश आम्ही करत नाही. द्रावण कोणी तापवले याला महत्त्व नसेल आणि द्रावणाचे पुढे काय झाले हे सांगायचे असेल, तर वाक्याच्या आरंभी द्रावणच हवे आणि पॅसिव्हच योग्य. परंतु ‘असे मानले जाते’, ‘असा निष्कर्ष काढण्यात आला’, ‘ही त्रुटी दुर्लक्षित राहिली’ अशा वाक्यांत कोणी मानले, कोणी काढला, कोणाचे दुर्लक्ष झाले हे विचारावेच लागते. कृती निर्नावी राहिली तर एक वेळ चालते. निर्णय आणि मत यांना मात्र धनी लागतो.

हे सारे वर्गातले बारकावे आहेत असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही कोलंबिया या अंतराळयानाची हकीकत सांगतो. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण होताना बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि तो पॉवरपॉइंटच्या पडद्यांवर व्यवस्थापकांपुढे मांडला. १ फेब्रुवारीला यान परतताना नष्ट झाले. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने इतर अनेक कारणांबरोबर या पडद्यांचीही दखल घेतली. एडवर्ड टफ्टी यांनी त्यांतल्या एका पडद्याचे केलेले विश्लेषण अहवालात आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. कवितेचे बारकाईने वाचन करतो तसेच ते आहे.

त्या पडद्याचा मथळा नुसता नामांनी भरलेला आहे. चाचण्यांच्या माहितीचा आढावा हा कर्ता, ‘सूचित करतो’ हे क्रियापद आणि ‘सावध अंदाज’ अशा अर्थाचे एक भाववाचक नाम हे कर्म. आढावा कोणी घेतला, अंदाज कशाचा, तो कोणाला पटला, यांतले काहीच कळत नाही. वाचणाऱ्याचा ग्रह मात्र ‘चिंता नको’ असा होतो. खाली ‘सिग्निफिकंट’ हा शब्द आणि त्याची रूपे पाच वेळा आली आहेत आणि दर वेळी त्यांचे वजन निराळे आहे. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट आहे: चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यांवर झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष तुकडा १,९२० घनइंचांचा असावा असा अंदाज होता. म्हणजे ६४० पट. हीच गोष्ट अशी लिहिता आली असती: ‘चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यांवर झाल्या होत्या. पंखावर आदळलेला तुकडा त्याच्या ६४० पट मोठा असावा. म्हणून काय हानी झाली असेल हे त्या चाचण्यांवरून आम्हांला सांगता येत नाही.’ यातल्या पहिल्या वाक्यात कर्ता नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. शेवटच्या वाक्यातला ‘आम्हांला’ मात्र काढता येणार नाही. केवळ एका पडद्यामुळे सात माणसे गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्यांना निर्णय घ्यायचा होता त्यांच्यापर्यंत शंका शंका म्हणून पोचली नाही, यात वाक्यरचनेचा वाटा होता.

विमानदुरुस्तीच्या क्षेत्राने हा धोका आधीच ओळखला होता. जगभरच्या तंत्रज्ञांना इंग्रजी पुस्तिका वाचून काम करावे लागते आणि त्यांतल्या अनेकांची ती मातृभाषा नसते. म्हणून युरोपातील विमान उद्योगाने १९८६ साली मर्यादित इंग्रजीची एक नियमावली काढली. आज ती ‘सिंप्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या नावाने ओळखली जाते. तिचे नियम आम्हांला मोठे उद्बोधक वाटतात. कृती सांगणाऱ्या वाक्यात वीसपेक्षा अधिक शब्द नकोत आणि वर्णनाच्या वाक्यात पंचवीसपेक्षा. एका शब्दाला एकच अर्थ: ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे, पालन करणे नव्हे. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे. जवळचा या अर्थी तो वापरायचा नाही. तीनपेक्षा अधिक नामांची माळ लावायची नाही. ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदे गाळायची नाहीत. मराठीला उपपदे नसल्यामुळे आमच्या मुलांना ती निरर्थक वाटतात. पण ‘झडप उघडा’ म्हणताना आत्ताच सांगितलेली ती झडप की कोणतीही एक, हे इंग्रजीत त्या इवल्या शब्दावर ठरते. साहित्याच्या माणसाला एका शब्दाला एक अर्थ ही कल्पना भयंकर वाटावी, कारण आमचा सारा व्यवहार अनेकार्थतेवर चालतो. परंतु कुठे अनेकार्थता हवी आणि कुठे नको, हे कळणे हासुद्धा भाषेचाच संस्कार आहे.

आणखी एक अडचण शब्दक्रमाची आहे. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांचा शास्त्रीय लेखनावरचा १९९०चा एक निबंध आम्ही मुलांना देतो. इंग्रजी वाचक कर्त्यानंतर लगेच क्रियापदाची वाट पाहतो. वाक्याच्या आरंभी त्याला ओळखीची गोष्ट हवी असते आणि शेवटी नवी, महत्त्वाची. असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि जोर बहुधा त्याच्या जरा अलीकडे पडतो. ‘जो... तो’ची लांबलचक साखळी आपल्या कानाला खटकत नाही, कारण क्रियापदासाठी थांबण्याची आपल्याला सवय असते. तीच बांधणी इंग्रजीत नेली की वाचक कर्ता हातात धरून ताटकळत राहतो. हा मुलांच्या बुद्धीचा दोष नव्हे. दोन भाषांच्या चालीतला हा फरक आहे. तसे त्यांना सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरचा न्यूनगंड थोडा उतरतो, आणि आमच्या दृष्टीने हेही थोडे नाही.

उलट एका ठिकाणी मराठी अधिक काटेकोर आहे. इंग्रजी ‘वी’मध्ये वाचक आहे की नाही ते कळत नाही. आपल्याकडे ‘आम्ही मोजले’ आणि ‘आपण मोजू’ यांत स्पष्ट भेद आहे. अहवालातल्या प्रत्येक ‘वी’च्या जागी मनात ‘आम्ही’ ठेवून पाहा आणि मग ‘आपण’ ठेवून पाहा, असे आम्ही सुचवतो. जिथे दोन्ही बसतात तिथे वाक्य पुन्हा लिहायला हवे असते.

असो. हे सर्व साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण निराळे आहे. ज्या मुलांचे प्रकल्प-अहवाल आम्ही वाचतो त्यांच्या शेजारच्याच वर्गात मराठीचे शोधनिबंध लिहिले जातात. ‘सदर कादंबरीतून मूल्यव्यवस्थेच्या विघटनाचे सूचन घडून येते’ हे वाक्य त्या यानाच्या मथळ्याचेच भावंड आहे. विघटन कोणी केले, सूचन कोणाला घडले, आणि लिहिणाऱ्याला स्वतःला काय वाटले? समीक्षेत चुकीच्या वाक्याने कोणी मरत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अशा वाक्यांच्या सवयीने विद्यार्थी आपले मत आपले म्हणून मांडायचे विसरतो, आणि पुढे तोच कार्यालयात जाऊन ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ असे लिहू लागतो. कार्यवाही कोण करत आहे हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही.

येत्या सत्रापासून मराठीच्या शोधनिबंधांनाही आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत, जो विज्ञानाच्या मुलांना विचारतो: या वाक्यातले मत कोणाचे? उत्तर ‘माझे’ असे असेल, तर तो शब्द लिहायला विद्यार्थ्याने कचरू नये, आणि तो वाचताना मार्गदर्शकांनीही दचकू नये.