आईची चक्कर

"घर फिरतंय गं," आई दोन महिने सांगत होती. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. आम्ही वयावर ढकलून मोकळे! परवा कानाच्या डॉक्टरांनी तिची मान ४५ अंश उजवीकडे वळवून तिला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. काही सेकंदांत तिचे डोळे आपोआप थरथरू लागले, मग थांबले. १९५२ सालापासूनची ही डिक्स-हॉलपाइक तपासणी. यंत्र काही नाही. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून डॉक्टरांनी ते परत सरकवले. रिक्षात आईने विचारलं, "आता पटलं ना, मी खरं सांगत होते ते?" मला तिच्याकडे बघवेना.