चाकावरची सीट

"सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची खोली बघ. पैशाचं बोलू नको."

गुलबर्ग्याच्या गंजातले एक तुरीचे आडते माझ्या दुकानात बसून सांगत होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बायकोला बोटीनं गोवा दाखवायचा होता. मी चहा सांगितला आणि विचारलं, "अण्णा, बीदरला बसनं येता तेव्हा कुठं बसता?"

"मधी. चौथी-पाचवी ओळ."

"मागची चाकावरची सीट मोकळी असली तर?"

"चाकावर कोण बसतंय ओ? हुमनाबाद येईपर्यंत कंबर राहत नाही."

"मग बोटीतच का चाकावर बसायलाव?"

अण्णा हसले, पण पटलं नव्हतं. महाग ते चांगलं, हे त्यांनी तुरीच्या भावावरून शिकलेलं. बोटीवरचा भाव मात्र खिडकीचा असतो, झोपेचा नसतो. हे समजावण्यात माझ्या धंद्याची निम्मी वर्षं गेली.

मी भालकीचा. सुरुवात पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूरच्या बसगाड्यांनी केली, मग काशी-रामेश्वर, आणि आता बोटी. माणसं हसतात: समुद्राचा थेंब नाही आणि हा बोटीची तिकिटं विकतो. बीदरहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर पावणेपाचशे किलोमीटरवर, हर्णै-दाभोळच्या आसपास ती समुद्राला टेकते. पण आमचा समुद्राशी संबंध नाही असं कुणी म्हटलं की मी दाभोळचंच नाव घेतो. बहामनी राज्याचं ते बंदर. गुलबर्गा आणि मग बीदर ही राजधानी, आणि तिच्या घोडदळाचे अरबी-इराणी घोडे उतरायचे दाभोळ-चौलला. त्या राज्याचा पुढं वजीर झालेला महमूद गावान इराणातल्या गिलानहून आला तो बोटीनंच दाभोळला उतरून आला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. ज्याच्या नावाचा मदरसा आम्ही पाहुण्यांना दाखवतो, तो माणूस मुळात समुद्रावरचा व्यापारी. 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब त्याला उगाच नव्हता.

त्याच काळात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन बोटीनं चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. बोटीला तो 'तवा' म्हणतो. घोडा बीदरात विकला, आळंदच्या जत्रेतला घोडेबाजार पाहिला, आणि परतताना दाभोळला होर्मुझच्या बोटीत चढला. भाडं किती दिलं तेही त्यानं लिहून ठेवलंय: दोन सोन्याची नाणी. बोट मात्र आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली, मग मस्कत, मग होर्मुझ. ठरलेलं बंदर एक आणि लागलेलं दुसरंच. हे आजही होतं, फक्त आता त्याचा एसएमएस येतो.

आणि तिकीट रद्द करणारं आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शिराजचा कवी हाफिज. गुलबर्ग्याच्या दरबारानं त्याला वाटखर्च पाठवून बोलावलं. होर्मुझला तो बोटीत बसला, वादळ उठलं, आणि गडी खाली उतरून घरी गेला. बदल्यात एक गझल पाठवली. गोष्ट फिरिश्त्यानं लिहिली आहे. आमच्याकडे रद्द करणारे गझल पाठवत नाहीत, पैसे परत मागतात.

आता खोलीचं. बोट म्हणजे तराजूची दांडी समजा. पुढचं टोक, म्हणजे नाळ, लाटेवर चढतं तेव्हा मागचं टोक खाली जातं. मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. ही झाली पुढं-मागं झुलण्याची गोष्ट. दुसरं झुलणं डावी-उजवीकडचं, आणि ते जितकं उंच जाल तितकं जास्त. झाडाचा शेंडा हलतो, बुंधा हलत नाही. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन बाजूंना पंख असतात, ते हे डावं-उजवं झुलणं बरंच मारतात. पुढचं-मागचं मात्र त्यांच्या हातात नसतं. म्हणून ज्याचं पोट नाजूक त्यानं मधली आणि खालची खोली घ्यावी. मधली आधी, खालची नंतर.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. शिकलो ते माझ्या गुरुजींना आजारी पाडून. भालकीच्या मराठी शाळेत त्यांनी मला विज्ञान आणि भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्यांनी आणि शाळेतल्याच मंडळींनी मिळून चौदा जणांचा गट केला. मी नवा होतो. एका कंपनीनं 'गॅरंटी' खोल्या स्वस्तात दिल्या आणि मी उड्या मारल्या. गॅरंटी शब्दाला फसू नका. खोलीचा प्रकार पक्का, नंबर कंपनीच्या मर्जीचा, असा त्याचा अर्थ. चौदाच्या चौदा जणांना नाळेकडच्या खोल्या आल्या. दिवस मे महिन्याच्या अखेरचे, वारा उठलेला. गुरुजी दीड दिवस अंथरुणावर. आणि पहाटे बंदरात शिरताना डोक्याशी असा खडखडाट, की शेजारच्या वहिनींना बोट फुटली असं वाटलं. नांगराची साखळी होती ती. पुढच्या टोकाच्या खोल्यांना ती ऐकावी लागते, शिवाय बोट आडवी सरकवणाऱ्या पुढच्या पंख्याची घरघर. मागच्या टोकाला मुख्य पंख्यांची थरथर.

परत आल्यावर मी तोंड लपवत गुरुजींच्या घरी गेलो. ते खुर्चीत बसून आल्याचा चहा घेत होते. रागावले नाहीत. फळ्यापाशी उभं केल्यासारखं विचारलं, "शाळेत फळीखाली दगड ठेवून तरफ शिकवली होती, आठवतं? टेकूजवळ बसलेलं पोर वर-खाली होतं का?" मी मान हलवली. "मग मला काठाला का बसवलंस?"

तेव्हापासून मी बोटीचा डेक-प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, छापून टेबलाच्या काचेखाली ठेवतो. नकाशा एका मजल्याचा बघून उपयोग नाही; वरचा आणि खालचाही बघायचा. आपल्या डोक्यावर कोण आहे? वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढायचा आवाज. खाली नाचघर असेल तर रात्री दोनपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर ते उत्तम घर. लिफ्टच्या अगदी तोंडाशी नको, पण गुडघेदुखीवाल्याला चार-पाच दारांवर हवी, कारण एकेक बोळ संपता संपत नाही. मुंबईहून सध्या सुटते ती कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' 211 मीटर लांब आहे. गावानचा मदरसा लांबीला 205 फूट. तसे तीन एकापुढे एक ठेवून वर थोडी जागा उरेल. ही बोट मूळची 1990 ची, फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. 2021 पासून ती आपल्याकडे आहे. जुन्या घडणीची असल्यानं बाल्कन्या मोजक्या आणि खोल्या अगदी लहान. देवघरापेक्षा मोठी, माजघरापेक्षा लहान. मी आधीच सांगतो, कारण दार उघडल्यावर "एवढीच?" हा प्रश्न मला फोनवर ऐकावा लागतो.

आतली खोली बिनखिडकीची. तिला नाक मुरडू नका. मधोमध, खाली, गडद अंधार, झोप लागते मस्त. दोन-तीन रात्रींसाठी आणि दिवसभर बाहेर भटकणाऱ्यांसाठी पैसे वाचवायचा हा मार्ग. फक्त ज्यांना बंद खोलीत गुदमरतं त्यांनी घेऊ नये. खिडकीच्या खोलीत एक मेख असते: काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होडी टांगलेली. समुद्राचे पैसे देऊन नारिंगी पत्रा बघत बसायचं. नकाशात याची खूण असते, शोधायची. आणि मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे, येताना उलटं. बाल्कनी घेणाऱ्यानं एवढं तरी विचारून घ्यावं.

चौघांची एक खोली स्वस्त पडते, पण तिसऱ्या-चौथ्याचा पलंग भिंतीतून उघडतो, वर शिडीनं चढायचं असतं. आजीला वर चढवणार आहात का? भाव नेहमी माणशी असतो आणि खोलीत दोघं धरून असतो, म्हणून एकट्या माणसाला जवळपास दुप्पट बसतो. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, उदबत्ती, निरांजन, बोटीत काही चालत नाही. आग ही समुद्रावरची सगळ्यात मोठी भीती. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं तर टर्मिनलवर बहुतेक उतरवतातच. एका अक्कांनी त्यावर मला अजून माफ केलेलं नाही.

आमच्या गल्लीतले एक चाचा 'अकबर' जहाजानं हजला गेले होते. मुंबईहून जाणारी ती समुद्री वाट 1995 साली बंद झाली. त्यांना मी एकदा हा नकाशा दाखवला. चष्मा न लावता त्यांनी मधल्या खालच्या चौकोनावर बोट ठेवलं. "बीच में लेव, नीचे का लेव," एवढंच म्हणाले. गुरुजींची तरफ त्यांना कुणी शिकवली नव्हती.

बंदरांचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिथं एकच हिशेब असतो: तास. बोट आठ तास उभी आहे असं छापलेलं असलं तरी तुमच्या हातात पाच येतात. उतरायला रांग, चढायला रांग, आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी सगळे आत हवेत. गोव्यात बोट लागते मुरगावला. आमच्या माणसांच्या डोळ्यांपुढे गोवा म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातलं चर्च, पणजीची फेरी आणि कळंगुट. मुरगावहून मंगेशीला जायलाच तास-सव्वा तास. मी यादीतली दोन नावं ठेवून बाकी खोडतो. भांडण होतं, होऊ दे. कंपनीच्या सहलीची गाडी उशिरा आली तर बोट थांबते, स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. गोव्यात चुकलात तर मडगावहून रेल्वेनं गुलबर्गा गाठाल. श्रीलंकेत चुकलात तर गोष्ट वेगळी. पासपोर्टची झेरॉक्स आणि बोटीच्या एजंटाचा फोन खिशात ठेवूनच उतरायचं.

लक्षद्वीपचं अगत्ती बेट अजून निराळं. तिथं बोट धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहते आणि लहान होड्यांतून तुम्हाला नेतात. जुन्या कोकण बोटींवरून पडावात उतरणाऱ्यांना यात नवं काही वाटलं नसतं; आम्हा पठारावरच्यांना वाटतं. होडी वर-खाली होत असते. खलाशी "आता" म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा, आणि हात त्याला द्यायचा, मोबाइलला नाही. समुद्र खवळला तर बंदरच रद्द. बेटासाठी जाणाऱ्याला मी विचारतो: बेट दिसलं नाही तरी ही सहल चालेल का? उत्तर द्यायला जो वेळ लावतो, त्याला मी गोव्याला पाठवतो. पावसाळ्यात अरबी समुद्र सोडून बोटी चेन्नईकडे जातात, तेव्हा पश्चिम किनाऱ्याचा हट्ट धरू नये.

आणि मुंबईला आदल्या दिवशी पोचायचं. बीदरची रात्रीची गाडी सकाळी वेळेवर पोचते. ज्या दिवशी पोचत नाही, त्या दिवशी बोट वाट बघत नाही. एक रात्र दादरच्या लॉजमध्ये काढली तर बिघडत नाही.

गुरुजी दुसऱ्यांदा गेले ते दोन वर्षांनी, डिसेंबरात. या वेळी नकाशावर पेन्सिलनं खोली त्यांनीच निवडली: खालचा मजला, मधोमध, वर-खाली खोल्या, लिफ्टपासून पाचवं दार. नंबर पक्का करून घेतला. पण त्यांना बघायचं होतं ते दाभोळ. मी सांगितलं, तिथं बोट थांबत नाही, किनाऱ्यापासून दूरवरून जाते. त्यांनी वहीत हिशेब मांडला: मुंबईहून संध्याकाळी सहाला सुटली, वेग पंधरा नॉट, दाभोळ मध्यरात्री बाराच्या सुमारास, डाव्या हाताला. बाराला ते स्वेटर-मफलर घालून डाव्या बाजूच्या डेकवर जाऊन उभे राहिले. मागे नाचगाणं चालू. समोर काळोख आणि दूर एक दिवा लुकलुकत होता. दीपगृह की मासेमारीची होडी, ते काही कळलं नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. अर्धा तास उभे होते म्हणे.

परत आले तेव्हा भालकी स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेलो. उतरले, पिशवी माझ्या हातात दिली, आणि खांबाला धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. बोटीवर कान आणि पाय झुलण्याला सरावतात, जमिनीवर आल्यावर एक-दोन दिवस जमीनच हलतीय असं वाटतं, हे मी दहा जणांना सांगितलं असेल.

"गुरुजी, पाणी देऊ का?"

"पाणी नको. उभा राहा जरा," ते खांब न सोडता म्हणाले. "स्टेशन हालायलंय. टेकू कुठं आहे याचा, ते बघायलोय."